गैरहजेरी घटली, पण कशामुळे?

प्रश्न: मी एका उत्पादन कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते. कंपनीची तीन युनिट आहेत. पहिल्या युनिटमध्ये २४० कामगार असून गेल्या वर्षी एका तिमाहीत तेथील गैरहजेरी ९.२ टक्क्यांवर गेली, तेव्हा व्यवस्थापनाने तातडीने एक उपक्रम सुरू केला. ऐच्छिक आरोग्य तपासणी व समुपदेशन, महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला हजेरी बोनस, आणि रजेवरून परतलेल्या कामगाराशी सुपरवायझरने बसून बोलणे, अशा तीन गोष्टी त्यात आहेत. यंदा त्याच तिमाहीत गैरहजेरी ७.४ टक्के आहे. आरोग्य तपासणीत भाग घेतलेल्या ११० कामगारांचे वर्षभरात सरासरी १७ दिवस बुडाले, तर भाग न घेतलेल्या १३० जणांचे २७. मधल्या काळात तिन्ही युनिटमध्ये मस्टरची वही बंद होऊन बोटाच्या ठशाचे यंत्र आले. पुढच्या तिमाहीपासून हा उपक्रम उरलेल्या दोन युनिटमध्येही सुरू करायचा विचार आहे, परंतु संचालकांनी विचारले आहे की तो खरोखर लागू पडला याचा पुरावा काय. बैठक तीन आठवड्यांवर आहे. तक्ता सोबत जोडला आहे. हजेरी बोनसवरून सुपरवायझरांची कुरकुर आहे, तर तो चालू ठेवावा का, हेही कळवावे.

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या संचालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो उपक्रम सगळीकडे पसरण्याच्या आधी विचारला गेला हे तुमच्या दृष्टीने चांगले झाले, कारण एकदा तिन्ही युनिटमध्ये तो सुरू झाला असता तर या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जागाच उरली नसती. तक्ता पाठवल्याबद्दल आभार. त्यातून तुमच्या उपक्रमाविषयी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरेच कमी सिद्ध होते, हे आधीच स्पष्ट सांगते. उपक्रम वाया गेला असा याचा अर्थ नाही. आत्ताच्या आकड्यांना तो कोणत्याही बाजूने सिद्ध करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अशा मोजमापाचा सगळा भार एकाच प्रश्नावर असतो: उपक्रम नसता, तर याच तिमाहीत याच कामगारांची गैरहजेरी किती राहिली असती? हा आकडा कोणत्याही मस्टरमध्ये सापडत नाही, कारण ती गोष्ट घडलेलीच नसते. त्याचा अंदाज कुठून तरी उसना आणावा लागतो, आणि तो कुठून आणला यावर निष्कर्षाचे खरे-खोटेपण ठरते. तुम्ही तो गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतून आणला. हंगाम जुळवून घेण्याची काळजी घेतलीत, ही पुष्कळ ठिकाणी न घेतली जाणारी काळजी आहे. परंतु ते वर्षच मुळात वेगळे होते.

तुमच्या तक्त्यात त्या तिमाहीचे उपक्रमापूर्वीचे तीन वर्षांचे आकडे ७.८, ८.२ आणि ९.२ असे आहेत, आणि उपक्रमानंतरचा ७.४. नेमका ९.२ हा आकडा पाहून व्यवस्थापन हादरले आणि उपक्रम सुरू झाला. म्हणजे ज्या क्षणी पारा सर्वांत वर होता तोच क्षण तुमच्या तुलनेचा आरंभबिंदू ठरला. वर-खाली होत राहणारी कोणतीही गोष्ट तिच्या टोकाला असताना पकडली, तर पुढच्या वेळी ती बहुधा काही न करताही खाली आलेली दिसते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीबाबत हेच दाखवले होते: फार उंच आईवडिलांची मुले उंचच असतात, पण सरासरीने आईवडिलांपेक्षा सर्वसाधारण उंचीच्या जवळ सरकलेली असतात. गैरहजेरीच्या बाबतीत तर हा फसवा आनंद ठरलेलाच असतो, कारण आकडा बिघडल्याशिवाय उपक्रमाला कोणी पैसे मंजूर करत नाही. म्हणून एका वाईट वर्षाऐवजी तिन्ही वर्षांची सरासरी घ्या. ती ८.४ येते. तुमची १.८ टक्क्यांची घट एवढ्यानेच १.० वर आली.

आता दुसरी पायरी. उरलेल्या दोन युनिटमध्ये कोणताही उपक्रम नव्हता, आणि तेथील त्याच तिमाहीचे आकडे ७.०, ६.९, ७.१ आणि यंदा ६.३ असे आहेत. तेथेही तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा ०.७ टक्के घट आहे. ती कोणामुळे झाली? तुमच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत उत्तराचा एक धागा आहे: वहीच्या काळात अर्धा दिवस बुडाला तरी पूर्ण खाडा लावला जाई, आणि यंत्र आल्यापासून तो अर्धाच धरला जातो. कामगार पूर्वीइतकेच आले, तरी या एका बदलाने टक्केवारी खाली येणारच. जुन्या वह्यांत अर्ध्या दिवसाची वेगळी खूण केलेली असेल, तर मागचे आकडे नव्या नियमाने पुन्हा काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण बैठकीत सर्वांत जास्त उपयोगी पडेल ते हेच.

मोजण्याची पद्धत, हवामान, कामाचा ताण, साथीचे आजार असे जे काही तिन्ही युनिटवर सारखेच आले असेल, ते वजा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे उपक्रम असलेल्या युनिटच्या घटीतून उपक्रम नसलेल्यांची घट वजा करणे. १.० मधून ०.७ गेले की उरतात ०.३. केवळ गेल्याच वर्षाशी तुलना केली, तर १.८ मधून ०.८ जाऊन १.० उरतात, पण तो ९.२ पुन्हा आपल्या डोक्यावर बसतो, म्हणून मी ०.३ कडे जास्त झुकते.

०.३ टक्के म्हणजे किती, हे नजरेसमोर आणून पाहा. तिमाहीत कामाचे ७५ दिवस धरले तर २४० कामगारांचे १८,००० मनुष्यदिवस होतात, आणि त्याचे ०.३ टक्के म्हणजे ५४ दिवस. दोन कामगार प्रत्येकी २७ दिवस अंथरुणाला खिळले की ५४ दिवस भरतात. एकाचा पाय मोडणे आणि दुसऱ्याचे एखादे ऑपरेशन होणे, किंवा न होणे, एवढ्यावर तुमच्या उपक्रमाचे यश किंवा अपयश ठरणार असेल, तर तो निकाल म्हणून पुढे ठेवता येणार नाही. पहिल्या युनिटचा आकडा उपक्रमाशिवायही तीन वर्षांत ७.८ ते ९.२ असा हिंदकळला होता, हेही शेजारी लिहून ठेवा.

तुम्ही पत्रात ज्या आकड्यावर सर्वांत जास्त भर दिला आहे, तो सतरा आणि सत्तावीस दिवसांचा आहे. मला सर्वांत मोठा धोका तिथेच दिसतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. तपासणीला आपण होऊन येणारा कामगार आणि न येणारा कामगार हे आधीपासूनच दोन वेगळ्या परिस्थितींतले असतात. ज्याला पाळी संपल्यावर अर्धा तास थांबता येते, ज्याच्या घरी कोणी आजारी नाही, ज्याचे सुपरवायझरशी बरे आहे, ज्याला स्वतःच्या तब्येतीची मुळातच काळजी आहे, तो पुढे येतो. तो उपक्रमाआधीही कमीच खाडे करत असण्याची शक्यता मोठी आहे.

हा निव्वळ तर्क नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील आवारात २०१६ मध्ये डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन राइफ या अर्थशास्त्रज्ञांनी ४,८३४ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग सुरू केला. त्यांतल्या ३,३०० जणांना चिठ्ठीच्या पद्धतीने आरोग्य उपक्रमात बोलावण्यात आले आणि १,५३४ जणांना बोलावण्यात आले नाही. बोलावलेले आणि न बोलावलेले यांची तुलना केली, तेव्हा आजारपणाच्या रजेत किंवा वैद्यकीय खर्चात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्यानंतर त्यांनी मुद्दाम जुन्या रीतीने, म्हणजे तुम्ही केलीत तशी, भाग घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करून पाहिली, तर त्याच माहितीतून उपक्रम भरघोस यशस्वी झाल्याचे चित्र उभे राहिले. लोक तेच, वर्ष तेच आणि नोंदी त्याच असूनही, कोणाची कोणाशी तुलना केली यावर निष्कर्ष उलटला. भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च उपक्रम सुरू होण्याआधीच कमी होता, हेही त्यांना दिसले. न्यायाने हेही सांगायला हवे की व्यवस्थापन आपल्या आरोग्याची कदर करते असे बोलावलेल्या गटातील लोकांना अधिक वाटू लागले होते. ते मोलाचे आहे, पण त्याला गैरहजेरीतील घट म्हणता येणार नाही.

तुमच्याकडे याची तपासणी करण्याचे साधन आहे. त्याच ११० जणांचे उपक्रमाच्या आदल्या वर्षाचे खाडे काढा आणि उरलेल्या १३० जणांचेही काढा. तेव्हाही १८ आणि २७ असा काहीसा फरक निघाला, तर या वर्षीच्या दहा दिवसांच्या अंतरातील बहुतेक वाटा माणसांच्या वेगळेपणाचा आहे, उपक्रमाचा नाही. पुढे जेव्हा मोजाल तेव्हा ज्याला उपक्रम देऊ केला तो प्रत्येक जण, आलेला असो वा नसो, उपक्रमाच्याच बाजूला धरा. बोलावूनही अर्धे लोक आले नाहीत, हादेखील उपक्रमाचाच परिणाम आहे, आणि तो हिशेबातून गाळला तर उरलेला हिशेब आपोआप गोड लागतो.

आणखी एक उदाहरण देते, कारण त्यातला प्रामाणिकपणा मला मनापासून भावतो. कॅथरीन बाइकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई सॉन्ग यांनी २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन असा अंदाज मांडला होता की आरोग्य उपक्रमांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरने घटतो. हा आकडा पुढे असंख्य सादरीकरणांत झळकला. मग त्यांतल्याच सॉन्ग आणि बाइकर यांनी बीजेज होलसेल क्लब या कंपनीच्या १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणे चिठ्ठीने निवडून तेथे उपक्रम राबवला आणि सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालानुसार, १८ महिन्यांनंतर उपक्रमाच्या ठिकाणचे लोक आपण अधिक व्यायाम करतो असे सांगत होते, पण गैरहजेरीत लक्षणीय फरक नव्हता. ज्या प्रश्नावर आपला आशादायक अंदाज जगभर गाजतो आहे, तोच प्रश्न अधिक कडक कसोटीवर स्वतःहून नेणे आणि वेगळा निकाल आला तो छापणे, याला धैर्य लागते. तुमच्या संचालकांपुढे कोणी तो २.७३ चा आकडा ठेवला, तर त्यानंतर काय घडले हेही तुम्हाला ठाऊक असावे.

टक्केवारी हा एकच आकडा पाहण्याची सवयही मोडायला हवी. गैरहजेरीची टक्केवारी म्हणजे बुडालेले दिवस भागिले कामाचे ठरलेले दिवस. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: माणसे किती वेळा गैरहजर राहतात, आणि एकदा राहिली की किती दिवस राहतात. एकेका दिवसाचे खाडे बहुधा पाळ्यांची रचना, घरची अडचण, वरिष्ठाशी बिनसणे, थकवा यांच्याशी जोडलेले असतात, तर लांबलेली गैरहजेरी दुखणे, अपघात, बाळंतपण यांच्याशी. हजेरी बोनस लागू पडलाच तर तो पहिल्या प्रकारावर पडेल, आणि परतलेल्या कामगाराशी होणारे बोलणे कदाचित दुसऱ्यावर. दोन्ही एका टक्केवारीत कोंबले तर एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बुडून जाते. म्हणून दर शंभर कामगारांमागे गैरहजेरीचे प्रसंग किती आणि दर प्रसंगामागे दिवस किती, हे वेगळे काढा. शिवाय तीस दिवसांहून लांब गैरहजेरी धरून एकदा आणि वगळून एकदा, असे दोन्ही हिशेब ठेवा. तीसची ही सीमा मात्र आकडे पाहण्याआधी ठरलेली असली पाहिजे.

काही कंपन्या यासाठी ब्रॅडफर्ड गुणांक वापरतात, ज्यात वर्षभरातील प्रसंगांच्या संख्येचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणतात. एकदाच सलग दहा दिवस गैरहजर राहिलेल्याचा गुणांक १० येतो आणि दहा वेळा एकेक दिवस राहिलेल्याचा १,०००. तुमच्या कामासाठी तो वापरू नका, असे माझे ठाम मत आहे. वर्गामुळे मूठभर लोकांचे आकडे अवाढव्य होऊन सगळी सरासरी तेच ओढतात. शिवाय ज्याला नियमितपणे डायलिसिसला जावे लागते किंवा ज्याला वारंवार अर्धशिशीचा झटका येतो, अशा कामगाराला तो कामचुकारांच्या यादीत सर्वांत वर बसवतो.

आकडा खाली आला तरी काम सुधारले असे होत नाही, याचा एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात असाच उपक्रम मोजायला मला बोलावले होते. एका खात्याची गैरहजेरी चार महिन्यांत निम्म्यावर आली होती आणि त्या सुपरवायझरचा सत्कारही झाला होता. मी मस्टर मागवले. पानावर बोट फिरवले तेव्हा काही चौकोन खरबरीत लागले. उजेडात तिरके धरून पाहिल्यावर दिसले की तिथे आधी पेन्सिलीने ‘गै’ लिहिलेले होते, ते खोडून वर शाईने ‘ब. सु.’ म्हणजे बदली सुट्टी असे लिहिले होते. मस्टर कारकून शांतपणे म्हणाले, “बाई, साहेबांना टार्गेट दिलंय. माणूस आला नाही तर फोन करून त्याची जादा कामाची सुट्टी त्या दिवशी लावायची, असं ठरलंय.” त्या खात्यातली माणसे पूर्वीइतकीच घरी राहत होती. बदलली होती ती नोंद, आणि त्यापायी त्यांच्या घामाची कमावलेली सुट्टी आजारपणात जात होती. ते खरबरीत चौकोन मी अजून विसरलेले नाही.

म्हणून तुम्ही गैरहजेरीबरोबर सर्व प्रकारच्या रजांची बेरीजही काढा. आजारपणाची रजा तीनशे दिवसांनी घटली आणि वार्षिक रजा व बदली सुट्टी मिळून अडीचशे दिवसांनी वाढली असेल, तर दिवस फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. त्याच्या जोडीला नाकारलेला माल, फेरकाम, छोटे अपघात आणि एकाच खात्यात एकापाठोपाठ आजारी पडणारी माणसे, यांवर नजर ठेवा. अंगात ताप असताना बोनस जाईल म्हणून मशीनवर उभा राहिलेला कामगार मस्टरवर हजर असतो, पण ती हजेरी ना त्याच्या भल्याची ना कारखान्याच्या. वर्षभरात पहिल्या युनिटमधून किती जण सोडून गेले किंवा कमी केले गेले, हेही तपासा. सर्वांत जास्त खाडे करणारे दहा-बारा जण गेले आणि त्यांच्या जागी नवे आले, तर टक्केवारी उतरते, पण कोणाचीही सवय बदललेली नसते. दोन्ही वर्षे पटावर असलेल्या कामगारांचा हिशेब वेगळा केला की हे उघड होते.

तेव्हा तीन आठवड्यांनी संचालकांना काय सांगाल? माझ्या मते असे सांगा: वरवर दिसणारी घट १.८ टक्के आहे, आधीच्या तीन वर्षांशी आणि इतर युनिटशी तुलना केल्यावर ती सुमारे ०.३ उरते, एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, आणि म्हणून उपक्रम लागू पडला किंवा पडला नाही असे आज म्हणता येत नाही, पण पुढच्या वर्षभरात ते म्हणता येईल अशी योजना मी आणली आहे. बचतीचा आकडा विचारला गेला, तर वाचलेले दिवस गुणिले रोजंदारी हा हिशेब मांडू नका, कारण जिथे रजा भरपगारी आहे तिथे वाचलेल्या दिवसाचा पगार कंपनीच्या खिशात राहत नाही. बदली कामगारांवरचा खर्च आणि ओव्हरटाइम प्रत्यक्ष किती घटला, तेवढेच दाखवा.

आता ती योजना. उरलेल्या दोन युनिटमध्ये मिळून १४ खाती आहेत असे तक्त्यावरून दिसते. व्यवस्थापनाचा विचार सर्वत्र एकाच दिवशी सुरुवात करण्याचा आहे, आणि मी तुम्हाला कळकळीने सांगते की तो बदलून घ्या. समुपदेशक आणि सुपरवायझरांचे प्रशिक्षण यांचा विचार करता चौदाही खात्यांत एकदम उपक्रम नीट सुरू होणे तसेही कठीण आहे. मग तीच अडचण उपयोगाला लावा. मागच्या तीन वर्षांच्या गैरहजेरीनुसार सारख्या-सारख्या खात्यांच्या सात जोड्या लावा, आणि प्रत्येक जोडीतील कोणाचा नंबर आधी लागणार हे सर्व सुपरवायझर आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासमोर चिठ्ठी टाकून ठरवा. आधीची सात खाती पुढच्या तिमाहीत सुरू होतील आणि उरलेली सात सहा महिन्यांनी. कोणीही कायमचे वगळले जात नाही, कोणाची वशिलेबाजी चालत नाही, आणि त्या सहा महिन्यांत तुमच्याकडे दोन असे गट असतात की ज्यांच्यातला उपक्रमापूर्वीचा फरक केवळ चिठ्ठीचा आहे. कोणते खाते आधी घ्यायचे हे साहेबांच्या मर्जीवर सोपवले, तर उत्साही सुपरवायझरची खाती पुढे येतील आणि इलिनॉयमधली चूक तुमच्या कारखान्यात पुन्हा होईल.

हिशेब करताना एक पथ्य पाळा. शेकडो कामगार आहेत म्हणून आपल्याकडे शेकडो स्वतंत्र नोंदी आहेत असे समजू नका. एका खात्यातली माणसे एकाच सुपरवायझरखाली, एकाच पाळीत, एकाच हवेत काम करतात, त्यामुळे त्यांचे खाडे एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात. तुलना सात जोड्यांची आहे असेच धरा. सातपैकी सहा किंवा सात जोड्यांत आधी सुरू झालेल्या खात्याची गैरहजेरी आपल्या जोडीदारापेक्षा जास्त घटली, तर ते गंभीरपणे घेण्यासारखे आहे. चार-तीन अशी विभागणी निघाली, तर ते नाणे उडवल्यासारखेच आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या आकड्यांवर उड्या मारू नका, कारण नव्या गोष्टीचे अप्रूप आणि वरिष्ठांचे लक्ष यांनीही काही काळ हजेरी सुधारते.

चिठ्ठ्या टाकण्याच्या आधी एक पान लिहून त्यावर संचालकांची सही घ्या. मुख्य आकडा कोणता, तो कोणत्या महिन्यांचा, अर्धा दिवस कसा धरायचा, लांबलेली आजारपणे कशी धरायची, आणि किती घट झाली नाही तर उपक्रम थांबवायचा, हे सारे त्यात असू द्या. आकडे हाती आल्यावर आपल्याला हवा तो महिना आणि हवी ती व्याख्या निवडण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, त्यात लबाडी असावीच लागते असे नाही. त्याच पानावर हेही लिहा की तपासणीतील वैद्यकीय माहिती सुपरवायझरकडे जाणार नाही आणि कोणाच्याही नावानिशी यादी फिरणार नाही. कामगारांचा यावर विश्वास बसला नाही, तर ते तपासणीला येणार नाहीत आणि आले तरी खरे सांगणार नाहीत.

तुमच्या उपक्रमाच्या तीन भागांपैकी मला सर्वांत आशा वाटते ती परतल्यावरच्या बोलण्यातून, अर्थात ते चौकशीसारखे होत नसेल तर. पाळी बदलताना मध्ये झोपेला पुरेसे तास मिळत नाहीत, एका मशीनवर काम केले की पाठ धरते, आजारी आईला दर सोमवारी रुग्णालयात न्यावे लागते, अशी कारणे तिथेच बाहेर येतात. सुपरवायझरांना नाव न लिहिता फक्त कारण नोंदवायला सांगा. कदाचित सहा महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल की उपक्रमापेक्षा पाळ्यांचे वेळापत्रक बदलणे जास्त गरजेचे आहे.

राहिला हजेरी बोनस. सुपरवायझरांची कुरकुर मी हलक्यात घेणार नाही. टिमोथी गबलर, इयान लार्किन आणि लामार पिअर्स यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील एका औद्योगिक लॉन्ड्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या पाच कारखान्यांपैकी एकात वेळेवर आणि नियमित येणाऱ्यांना बक्षीस सुरू केले होते. बक्षिसाची संधी हातात असेपर्यंत लोक वेळ पाळत आणि ती गेली की पूर्ववत होत. काही जण उशीर नोंदला जाऊ नये म्हणून त्याऐवजी आजारपणाची रजा टाकत. आणि आधीपासून नेटाने येणाऱ्या कामगारांचे मन उतरून कारखान्याची उत्पादकता १.४ टक्क्यांनी घसरली. जर्मनीतील एका किरकोळ विक्री साखळीत २३२ दुकानांतील शिकाऊ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात तर रोख हजेरी बोनसने गैरहजेरी सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली, आणि बोनस काढल्यावरही ती वाढ टिकून राहिली. बोनस ठेवला याचा अर्थ गैरहजर राहणे ही चालण्यासारखी गोष्ट आहे, असा निरोप त्या मुलांपर्यंत पोचला होता. तुमच्याकडेही असेच होईल असे मी म्हणत नाही, पण नव्या चौदा खात्यांत बोनस नेऊ नका आणि तेथे फक्त तपासणी व बोलणे एवढेच मोजा. पहिल्या युनिटमध्ये तो वर्षाच्या मध्येच बंद करू नका. कामगारांना दिलेला शब्द आहे, त्याची मुदत पूर्ण होऊ द्या, आणि मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी कामगार प्रतिनिधींना बसवून तो पुढे का चालणार नाही आणि तो पैसा कशावर खर्च होणार, हे तुम्ही स्वतः सांगा.